मिस या शब्दाचं गाव

मिसबाई इंग्रजी शब्दाचा अर्थ सांगण्याआधी त्याचं गाव विचारत. आम्हा ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी लोकांना खरं तर याचं नवल वाटायला नको होतं. चार पिढ्या ग्वाल्हेरात काढूनही आम्ही 'मूळचे वाईचे' म्हणून सांगतो, आणि वाई कुणीच पाहिलेली नसते. पण शब्दांची अशी कुळं काढणाऱ्या आमच्या मुलींच्या शाळेत त्या एकट्याच. शाळेत शिकवणारी प्रत्येक बाई 'मिस' असे. गावाने त्याला वर 'बाई' जोडलं आणि त्या कायमच्या मिसबाई झाल्या. त्यांचं खरं नाव कुणी विचारलं नाही.

एकदा वर्गात कुणीतरी खोडसाळपणे विचारलं, "मिस, 'मिस' म्हणजे काय?" त्या जराही चिडल्या नाहीत. "हे दोन शब्द आहेत," म्हणाल्या. "एक 'मिस्ट्रेस'ला आखूड करून झालेला. मिस्ट्रेस म्हणजे घरची मालकीण, आणि मिस म्हणजे बिनलग्नाची. दुसरा फार जुना. नेम चुकतो, गाडी चुकते, तो."

"पर मिस, स्पेलिंग तर एकच आहे न?" माझ्या शेजारणीने विचारलं.

"चेहरा एक, आया दोन. आणि त्या दुसरीच्याच पोटी आणखी एक अर्थ आहे. आपलं माणूस जवळ नसलं की इंग्रज त्यालाही 'मिस'च म्हणतो. आपण काय म्हणतो? चुकल्या चुकल्यासारखं वाटतं. आता यात कुणी कुणाची नक्कल केलेली नाही."

खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या एका माडीवर त्या एकट्या राहत. कामवाली "मिसबाई, आटा चुक गया" म्हणाली की हसत. म्हणत, "आपलं चुकलेलं सुधारता तरी येतं. हिचं चुकलं की संपलंच." ऐकायला समोर शिकवणीला आलेली मी एकटीच असे.

एका चैत्रात आईने त्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. त्यांचं कपाळ मोकळं असे, पण "इंग्रजी शिकलेल्या बायका नाही लावत म्हणे," अशी आईची समजूत. मिस म्हणजे कुमारिका, आणि कुमारिकेला कुंकू लावायला हरकत कसली? बोलावणं आलं याचाच मिसबाईंना इतका आनंद, की त्या सर्वांच्या आधी येऊन बसल्या. आई करंडा घेऊन त्यांच्यापुढे वाकली. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढं केलं असतं तर लष्करमधल्या साऱ्या मराठी घरांची दारं त्यांना उघडी झाली असती.

त्यांनी आईचा हात हलकेच धरला. "वहिनी, मिस हा माझा शाळेतला शब्द आहे. माझं लग्न आठव्या वर्षी झालं आणि नवव्या वर्षी संपलं. चूक तुमची नाही."

आईने त्यांना आंब्याची डाळ दिली, पन्हं दिलं, दोनदा आग्रहही केला. पण पुढच्या चैत्रात बोलावलं नाही. इतर घरांनीही नाही. आईचा मला त्या बाबतीत अजून राग आहे.

माझं लग्न नागपूरला ठरलं तेव्हा निरोप घ्यायला मी माडीवर गेले. धीर करून म्हटलं, "मिस, आय विल मिस यू."

"कोणत्या अर्थाने?" त्यांनी सवयीने विचारलं.

"चुकल्या चुकल्यासारखं वाटतं, त्या."

मग मी त्यांचं नाव विचारलं. "गोदावरी," त्या थोड्या अडखळून म्हणाल्या. "माहेरी गोदू म्हणत. आता म्हणणारं कुणी राहिलं नाही."

खाली गल्लीत आले आणि मला राहवेना. वर बघून मी हाक मारली, "गोदूताई!" दुकानदार वळून बघू लागले. मी पुन्हा हाक मारली.

खिडकीत त्या आल्या, आधी गल्लीत इकडेतिकडे पाहिलं, हाक दुसऱ्या कुणाला तर नाही ना म्हणून. मग त्यांनी ओ दिली.