अंगणात न वाचलेलं नाव

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. एका बाईला सांगितलं, तेही अगदी आत्ता, आणि तिला सांगून झाल्यावरच लिहायला बसले. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर डोळे मिटून पापांची कबुली म्हणताना बाकीचं सगळं मी मनात आणायचे — नवऱ्यावर उगाच चिडले ते, सासूला उलट बोलले ते — आणि हे मात्र दर वेळी बाजूला ठेवायचे. देवाला ठाऊकच होतं. त्याला सांगून कुणाचं तोंड वाचणार होतं?

तोंड वाचणं हे मी अक्षरशः म्हणतेय. पारनेरकडच्या माळावर आमचं तोंडाच्या कॅन्सरचं छोटंसं धर्मादाय हॉस्पिटल आहे. मी तिथे नर्स म्हणून लागले, पुढे ट्रस्टची सचिव झाले. लोक अजूनही सिस्टरच म्हणतात. ज्या डॉक्टरांनी हे उभं केलं ते आता नाहीत, पण त्यांनी एक पद्धत घालून दिली होती. वर्षातून एकदा हॉस्पिटलच्या अंगणात सतरंज्या अंथरायच्या, पेशंट आणि त्यांच्या घरच्यांना बसवायचं, आणि पैसा कुठून आला, कशावर गेला, ते मोठ्याने वाचायचं. देणाऱ्याचं नाव वाचायचं, तो पोटापाण्यासाठी काय करतो तेही. मग कुणीही उठून काहीही विचारावं. ऑडिट सरकारसाठी असतं, ही सभा पेशंटसाठी आहे, असं डॉक्टर म्हणायचे. ज्याच्या गालावर आपण सुरी चालवतो त्याला ती सुरी कुणाच्या पैशाची आहे हे कळायला हवं, असंही म्हणायचे.

डॉक्टर गेले आणि त्यांच्याकडे बघून देणारे लोकही हळूहळू थंडावले. भूल द्यायचं यंत्र बंद पडलं. थिएटरला कुलूप लागलं. आम्ही पेशंटच्या हातात पुण्याची चिठ्ठी द्यायला लागलो. तिथे पोचले किती? गालाला भोक पडलेला माणूस एसटीत बसायला लाजतो, घरी परत जातो आणि घरातच संपतो — हे मला त्या वर्षी कळलं.

अशात शेठ आले. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. का, ते शेवटी सांगते. त्यांचा धंदा मशेरीचा. तंबाखू भाजायची, तिची पूड करायची, लाल झाकणाच्या डबीत भरून विकायची. आमच्याकडे बायका ती दाताला लावतात. लहानपणी आईचं बघून सुरू होतं आणि मग दिवसातून कितीदा बोट डबीत जातं याचा हिशोब राहत नाही. आमच्या वॉर्डातल्या बायकांच्या उशाखाली, चंचीत ती लाल झाकणं मी रोज बघत होते. शेठ म्हणाले, थिएटर पुन्हा सुरू करून देतो, पुढेही दर वर्षी देत राहतो. अट नाही. फक्त माझं नाव नको. आईच्या नावाने घरचा ट्रस्ट आहे, त्यातून चेक येईल.

मी हो म्हटलं.

तुम्हाला वाटत असेल, हाच तो अपराध. नाही. ते पैसे घेतल्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही. उद्या पुन्हा तशीच वेळ आली तर पुन्हा घेईन. ज्यांना तो पैसा विटाळलेला वाटतो त्यांनी कुलूप लावलेल्या थिएटरबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसायला हवं होतं. पदराने जबडा झाकून बसलेल्या बाईला 'आमच्या तत्त्वात बसत नाही' असं तुम्ही सांगितलं असतं? मी नसतं सांगितलं.

कागदही सगळे सरळ होते. चेक शेठच्या घरच्या ट्रस्टचा, पावती त्याच ट्रस्टच्या नावाची, ऑडिटरने सही केली. विश्वस्तांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

पण अंगणातल्या सभेत मी त्या ट्रस्टचं नुसतं नाव वाचलं आणि गयाबाईनं विचारलं. गयाबाई शेळ्या राखणारी, कान्हूरच्या बाजूची. थिएटर उघडल्यावर पहिल्या ऑपरेशनांतलं एक तिचं. खालचा डावा जबडा काढला होता, त्यामुळे बोलताना शब्द एका बाजूने सांडायचे. तरी ती उभी राहिली.

"सिस्टर, ह्या टरस्टवाल्या बाई कोन? काय करत्यात त्या? तुमी समद्यांचं सांगितलं, त्यांचं न्हाई सांगितलं."

मी म्हटलं, "पुण्यातल्या एक वयस्कर बाई आहेत. देवभोळ्या आहेत. त्यांना गाजावाजा आवडत नाही."

किती सहज आलं ते तोंडात. एक अख्खी बाई मी तिथल्या तिथे जन्माला घातली. गयाबाईनं हात जोडले — माझ्यासमोर, त्या नसलेल्या बाईला — आणि खाली बसली.

एवढ्यावर भागलं असतं तर कदाचित मी हे लिहिलंही नसतं. पण उन्हाळ्यात गयाबाई तपासणीला आली ती काखेत गोधडी घेऊन. जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची, काठाला हिरवी पट्टी. पुण्याच्या त्या बाईंना द्या म्हणाली. "म्हातारं मानूस हाय. थंडीत पायावर घ्यायला व्हईल."

मी ती घेतली. काय करणार होते? पुढच्या आठवड्यात नगरला शेठच्या ऑफिसात गेले आणि त्यांच्या टेबलावर ठेवली. कुणी शिवली, ते सांगितलं. जबडा नाही, तेही सांगितलं. शेठनी गोधडीवरून हात फिरवला. मग विचारलं, "कुठली लावायची ती?"

"तुमचीच," मी म्हटलं.

त्यांनी गोधडीची घडी नीट केली, मागच्या कपाटात ठेवली आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले. मला वाटलं होतं, आता हा माणूस काहीतरी करील. त्यांनी काहीही केलं नाही. पैसे येत राहिले, डब्याही बाजारात येत राहिल्या. त्यांचा हिशोब त्यांच्यापाशी. मी माझ्याबद्दल लिहितेय.

आणि माझं खरं दुखणं अजून आलेलंच नाही. बघा, इथपर्यंत मी किती वळणं घेतली.

हॉस्पिटलतर्फे आम्ही गावोगाव शिबिरं घेतो. देवळाच्या पारावर नाहीतर शाळेच्या ओट्यावर टेबल लावायचं आणि त्यावर गावातल्या दुकानात मिळणाऱ्या डब्या, पुड्या मांडायच्या. एकेक उचलून नाव घेऊन सांगायचं — ही, ही आणि ही. डॉक्टरांचीच पद्धत. बायका आपली डबी ओळखायच्या आणि लाजून एकमेकींकडे बघायच्या. शेठचा पहिला चेक आला, आणि त्यानंतरच्या एका शिबिरात टेबल मांडताना लाल झाकणाची डबी मी माझ्या पिशवीत टाकली.

कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. शेठनी कधी शब्दानेही सुचवलं नाही, त्यांना तर ही टेबलं माहीतही नव्हती. मी आपली आपणच. तशी काही शिबिरं झाल्यावर टेबल मांडणाऱ्या मुलींना म्हटलं, कंपन्यांची नावं घेऊ नका, उगाच भांडणं होतात, नुसतं तंबाखू वाईट असं सांगा. त्या हो म्हणाल्या. सिस्टरचं कोण मोडणार? मग टेबलावरून सगळ्याच डब्या गेल्या आणि तिथे चित्रांचा तक्ता आला. तक्ता कुणाला ओळखू येत नाही. वर्षानुवर्षं मी तंबाखूविरुद्ध बोलत होते आणि माझ्यासमोर बसलेल्या बाईच्या चंचीत काय आहे तेवढं सोडून सगळं सांगत होते.

मला विकत घेतलं नव्हतं. घेतलं असतं तर सौदा मोडता तरी आला असता. मी न मागता दिलं.

गयाबाईचा आजार काही वर्षांनी उलटला आणि ती गेली. त्यानंतर तिची मुलगी मंदा आमच्याकडे आली. आईसारखीच उंच, आईच्याच शेळ्या सांभाळणारी. गालाच्या आत पांढरा चट्टा. मी बॅटरी लावून बघितलं आणि विचारलं, आईचं एवढं बघून तू कशी काय लावतेस? आवाज चढवूनच विचारलं मी. मला तो अधिकार आहे असं वाटायचं.

मंदा शांतपणे म्हणाली, "मी आईची डबी कवाच टाकली, सिस्टर. ती निळी हुती. आई गेल्यावर ह्या लालवर आले. तुमच्या शिबिरात दोनदा बसले, निळीचं नाव घेतलं तुमी, हिचं कधी घेतलं न्हाई. मला वाटलं, ही चालती."

म्हणजे गयाबाईची डबी निळी होती. शेठच्या ऑफिसात 'तुमचीच' म्हणताना मला ते माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं तिला. आईची मशेरी दुसऱ्या कुणाची होती. मुलीची मात्र शेठची होती, आणि ती माझ्या हातून तिच्यापर्यंत पोचली होती.

मंदाचं ऑपरेशन वेळेवर झालं. शेठच्या पैशाच्या थिएटरमध्ये झालं. गाल वाचला, बोलणं वाचलं. ती बरी झाल्यावर मी तिच्या घरी गेले आणि दारातल्या दगडावर बसून सगळं सांगितलं. पैसे, पुण्याची बाई, गोधडी, पिशवीत टाकलेली डबी. ती कडबा तोडत होती, ती तोडतच राहिली.

"आईला ठावं असतं तरी तिनं आपरेशन करून घेतलं असतं," ती म्हणाली. "जगायचं हुतं तिला. फकस्त गोधडी शिवली नसती." थोड्या वेळाने म्हणाली, "आमाला इचारायचं हुतं की. आमी काय नगं म्हनलो असतो?"

मंदाने तोडलेला कडबा उचलला आणि शेळ्यांपुढे टाकला.

येत्या सभेत शेठचं नाव मी अंगणात वाचणार आहे. म्हणून ते इथे लिहिलं नाही — ते आधी सतरंजीवर बसलेल्यांना ऐकू यायला हवं, मग तुम्हाला. आमच्या अध्यक्षांना यातलं काही ठाऊक नाही. ते म्हणतील, सिस्टर, देणगी बंद होईल, थिएटरला पुन्हा कुलूप लागेल, हॉस्पिटलचं नाव जाईल. होईल तसं कदाचित. पैसा पुढे घ्यायचा की नाही हे त्या वेळी अंगणातले लोक ठरवतील. ते घ्या म्हणाले तर मी पावती फाडीन, आणि त्यावर धंदा लिहीन — मशेरी. नको म्हणाले तर थिएटरला कुलूप का लागलं ते पेशंटना मी स्वतः सांगेन. मला काढून टाकायचं असेल तर तेही लोकांसमोर करावं. मी राजीनामा देणार नाही.

गेल्या शनिवारी जवळच्याच एका गावात शिबिर झालं. दुकानातून सगळ्या डब्या मी माझ्या पैशाने आणल्या. लाल झाकणाची उचलली, नाव घेतलं, ही तुमचं तोंड खाते असं म्हटलं. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने चंची चाचपली आणि माझ्याकडे रागाने बघितलं. मी पुढची डबी उचलली.