दोन बॅटऱ्या, एक तार

माझ्या जुन्या मेटॅडोरमध्ये पलंग, दिवा आणि पंखा बसवून मी फिरतं घर केलंय. त्याच्या बॅटऱ्या बीबी गावातले एक मिस्त्री बघायचे. एकीवर त्यांनी खडूने 'गाडी' लिहिलं होतं, दुसरीवर 'घर', आणि मधे खटका बसवला होता. ताप पाहावा तसा बॅटरीवर तळहात ठेवून ते सांगायचे, "साहेब, गाडी थांबली का खटका बंद करा. गाडीच्या बॅटरीवर घराचा पंखा चालवला, तं सकाळी गाडी काऊन उठंल?"

दरवेळी उठून खटका दाबायचा मला कंटाळा. मी गुपचूप तार टाकून दोन्ही बॅटऱ्या कायमच्या जोडल्या. आठवड्यात गाडी पडली बंद. लोकांकडून ढकलून घेत ती मिस्त्र्यांच्या दुकानासमोर आणली आणि चार गिऱ्हाइकांदेखत त्यांच्यावर खेकसलो, "काय भंगार काम केलंत हे!"

त्यांनी सीट उचलली. तार दिसली. माझ्याकडे एकदा पाहून त्यांनी ती सोडवली, खिशात घातली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माहीच चूक झाली."

एका गिऱ्हाइकाने आपली बॅटरी उचलली आणि तो समोरच्या दुकानाकडे निघाला. मिस्त्र्यांनी त्याला थांबवलं नाही.

मीही नाही.