माझी धाकटी जाऊ आणि गाडीचा एसी

दीपमालाबद्दल कुणी विचारलं की मी आधी तिच्या भाकरीबद्दल सांगते. तिला भाकरी थापता येत नाही. लग्नाला दोन वर्षं झाली, तरी तिची भाकरी परातीतून तव्यावर जाईपर्यंत दोन ठिकाणी फाटते. हे मी पाहुण्यारावळ्यांत मुद्दाम सांगते, कारण तिला नावं ठेवायला दुसरं काही मला सापडलेलं नाही. आणि मी शोधलं नाही असं नाही.

ती रेणापूरची. लातूरच्या आयटीआयमध्ये तिनं फ्रिज-एसी दुरुस्तीचा कोर्स केला. वर्गात बावीस पोरं आणि मुलगी ही एकटी. मग लग्नापर्यंत तीन वर्षं तिथल्याच एका गॅरेजात गाड्यांचे एसी दुरुस्त करायची. माझा दीर विनोद हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असतो. मी अर्धापूरच्या या घरात अकरा वर्षांपूर्वी बी.ए. होऊन आले, ते कुणी कुणाला सांगितल्याचं मला आठवत नाही.

आमची केळीची शेती. घरात दोघे भाऊ, आम्ही दोघी जावा आणि सासू लक्ष्मीबाई. त्यांना आम्ही आत्याबाई म्हणतो. चार वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या निकामी झाल्या, तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी नांदेडला डायलिसिस. गाडी माझा नवरा चालवायचा, मागच्या सीटवर मी आणि आत्याबाई. येताना त्यांच्यात काही त्राण उरलेलं नसायचं. माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायच्या. मी ओल्या रुमालानं त्यांचं कपाळ पुसत राहायची. त्या बोलायच्या नाहीत, पण घर येईपर्यंत माझा हात धरून ठेवायच्या. या घरात माझं म्हणून जे काही होतं, ते एवढंच.

यंदा ऐन एप्रिलात गाडीचा एसी बिघडला. गाडी पळत असली की गार यायचं, थांबली की गरम वाफा. नवरा म्हणाला, "गॅस संपला असंल. नांदेडला दोन दिवस टाकावी लागती गाडी."

"दोन दिवस काहून, दादा?" दीपमाला म्हणाली. "मी बघते की."

लिंबाच्या सावलीत गाडी घेतली. तिनं पदर कमरेला खोचला, बॉनेट उघडलं, इंजिन आणि एसी चालू केला आणि मला म्हणाली, "ताई, तांब्याभर पाणी द्या." मला वाटलं, प्यायला पाहिजे. तिनं मला गाडीत बसवलं, एसीच्या तोंडासमोर तळहात धरायला लावला आणि ते पाणी इंजिनाच्या पुढच्या जाळीवर हळूहळू ओतलं. अर्ध्या मिनिटात माझ्या हाताला गारवा लागला.

"गार येऊन राहिलं," मी म्हणाले. नाही म्हणायला जागाच नव्हती.

"मंजे गॅस हाय. एसीची गर्मी ह्या जाळीतून भाईर पडती, पर जाळीला वारा मिळंना. गाडी पळती तवा वारा आपसूक मिळतो. थांबली की पंख्यानं द्यायचा असतो, अन् पंखाच फिरंना झालाय."

पंखा का फिरत नाही, तेही तिनं माझ्यासमोरच शोधलं. बॅटरीशेजारी झाकणाचा एक डबा होता. त्यात काड्यापेटीपेक्षा लहान काळे ठोकळे रांगेत बसवलेले. "ह्याला रिले म्हणतेत ताई. ह्यो पंख्याला करंट सोडतो." पंख्याचा रिले तिनं उपटला, हॉर्नचा तसलाच रिले काढून त्याच्या जागी दाबला. पंखा लगेच भणभणायला लागला. हॉर्न तेवढा मुका झाला. "रिले मेलाय, बाकी सगळं ठीक हाय," ती म्हणाली आणि साबण मागायला लागली. संध्याकाळी विनोदनं येताना नवा रिले आणला. एवढंच काम. माझा नवरा तोंडात बोट घालून बघत होता आणि मी रिकामा तांब्या धरून उभी होते. मला तिचा राग आला. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

मंगळवारी ते कळलं. शेतात केळीची काढणी होती म्हणून गाडी दीपमालानं घेतली. आत्याबाई पुढं बसल्या. येताना तिनं त्यांची सीट मागं पाडून दिली, एसीचं तोंड त्यांच्याकडं वळवलं, आणि आत्याबाईंना शांत झोप लागली. घर आल्यावर त्या स्वतःच्या पायांनी ओसरीपर्यंत चालत गेल्या आणि चहा मागितला. चार वर्षांत असं झालं नव्हतं. मला आनंद व्हायला पाहिजे होता. तो काही झाला नाही. मी मागच्या सीटवर एकटी बसले होते आणि भिजवून आणलेला रुमाल माझ्या हातातच वाळला होता.

गुरुवारी जेवताना आत्याबाई म्हणाल्या, "मोठे, उद्याच्याला न्हाई आलीस तरी चालतंय. धाकली हाय की. तू जरा पाठ टेक घरी."

मायेनं म्हणाल्या. म्हणूनच जास्त लागलं. मी म्हणाले, "उद्या येते. मंगळवारपासून घरी राहते."

शुक्रवारी सकाळी दीपमाला अंघोळीला गेली होती. मी अंगणात गेले, बॉनेट उघडलं, डब्याचं झाकण काढलं आणि तो रिले उपटला. लपवून काय करायचं? माझ्या मनात एवढंच होतं, की एसीनं आत्याबाईंच्या देखत गरम वारा फेकावा आणि त्यांनी म्हणावं, धाकलीचं काम कच्चं. रिले मी पर्समध्ये गोळ्यांच्या पाकिटाखाली ठेवला, झाकण पहिल्यासारखं बसवलं आणि आत जाऊन जेवणाचा डबा भरला.

जाताना एसी थंडगार. सकाळची वेळ, रस्ता मोकळा, गाडी कुठंच थांबली नाही. मला वाटलं, मी भलताच ठोकळा काढला. पळत्या गाडीला वारा आपसूक मिळतो हे दीपमालानं मला समजावून सांगितलं होतं, पण तिचं ऐकायचंच नाही असं मी ठरवलेलं असल्यामुळं ते डोक्यात शिरलंच नव्हतं.

डायलिसिस होऊन निघायला दीड वाजला. आसना नदीच्या पुलाजवळ एक ट्रक आडवा झाला होता. पुढं गाड्या, मागं गाड्या. पाच मिनिटांत आतली हवा तापली. दीपमालानं बटणं फिरवून पाहिली, मग काचा खाली घेतल्या, तर बाहेरून भट्टीसारखी झळ आत आली. आत्याबाईंची सीट मागं पाडलेली, त्यामुळं त्यांचं डोकं माझ्या गुडघ्यांपाशी आलेलं. त्यांच्या कपाळावर घाम डबडबला. ओठ पांढरे पडले.

"मोठे," त्या म्हणाल्या, "जीव घाबरा होऊन राहिला गं."

मला हाक मारली. गाडी चालवणारीला नाही, मला. हीच हाक मला पाहिजे होती, आणि ती आली तेव्हा माझा एक हात त्यांच्या कपाळावर होता आणि दुसरा त्या पर्सवर. मला लाज वाटली आणि रुमाल त्यांच्या कपाळावर ठेवून मी पर्स उचलली.

दीपमाला पाण्याची बाटली घेऊन खाली उतरली होती. मीही उतरले. तिनं जाळीवर पाणी ओतलं, आतून गार येतंय का बघितलं, मग डब्याचं झाकण उघडलं. पंख्याच्या रिलेची जागा रिकामी होती. घट्ट बसवलेली वस्तू झाकणाच्या आतून आपोआप जात नाही, हे तिला कळायला वेळ लागणार नव्हता. मी पर्स उघडली आणि रिले तिच्यापुढं धरला. 

तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्या चेहऱ्यावर तिरस्कार शोधत होते. तो दिसला असता तर मी तिथंच, ट्रकांच्या गर्दीत भांडले असते. तिनं रिले घेतला, जागेवर दाबला. पंखा सुरू झाला.

"चला ताई," ती म्हणाली, "आत्याबाईला पाणी पाजा आधी."

दोन-तीन मिनिटांत आत गारवा आला. आत्याबाईंनी डोळे उघडले. "काय झालतं गं?"

"रिले निसटला होता," दीपमाला म्हणाली. "ताईला सापडला. मला दिसलाच नसता."

आत्याबाईंनी पाण्याचे दोन घोट घेतले. मग म्हणाल्या, "मोठीचं ध्यान असतंय समद्याकडं. ही नसती तर आज माझं काही खरं नव्हतं. घरी ऱ्हायचं बियचं काही न्हाई, मंगळवारी दोघी बी चला."

अकरा वर्षांत माझ्याबद्दल असं त्या पहिल्यांदा बोलल्या. चुलीपुढं बसून हेच बोलणं मी कितीदा मनात ऐकलं होतं. आता ते खरोखर कानावर पडलं आणि ते साफ खोटं होतं. दीपमालानं मला दोन शिव्या दिल्या असत्या तर निदान तिच्यावर रागवायची सोय झाली असती. तिनं तीही ठेवली नाही.

वाट मोकळी झाली. आत्याबाईंनी मान न वळवता हात मागं केला, माझ्यासाठी. दीपमालाला आरशात ते दिसलं असणार, पण तिनं नजर रस्त्यावरून हलवली नाही. चार वर्षं जी जागा माझी होती ती आता तिनं मला दिलेली होती. मी तो हात धरला, कारण नाही धरला तर आत्याबाईंनी कारण विचारलं असतं.