पडद्यांच्या दुकानातला बीबीए

त्याच्या डोक्यावरचे निम्मे केस गेले, पण 'धाकटा' हे नाव काही गेलं नाही. दुकान पडद्यांचं. मालक दादा, त्याचा सख्खा थोरला भाऊ. मापं घेणं, कापड कापणं, शिवून घेणं हे सगळं वहिनीकडे. आणि धाकट्याचं काम काय, तर काउंटरवर उभं राहून गिऱ्हाइकाशी बोलायचं. ते मात्र तो जीव तोडून करायचा.

दादा पुलापलीकडच्या वस्तीत दुसरं दुकान काढणार होता. ते आपल्या हाती यावं, एवढी एकच इच्छा धाकट्याने उराशी धरली होती. एकदा धीर करून त्याने विषय काढला. दादा म्हणाला, "बघू." आता दादाचं 'बघू' म्हणजे काय, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही कळायचं. धाकट्याला ते कळलं, पण पटलं नाही. आपल्याकडे पदवी नाही म्हणून दादा मागेपुढे बघतोय, असा त्याने सोयीस्कर अर्थ काढला आणि चाळिशी उलटल्यावर सरकारी विद्यापीठात संध्याकाळच्या बीबीएला नाव घातलं.

झालं! उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. व्यवस्थापनाचे दोन धडे होतात न होतात तोच त्याने स्वयंपाकघरात जाऊन बायकोला विचारलं, "या विभागाचं मुख्य उद्दिष्ट काय?" ती कढईतून मान वर न करता म्हणाली, "तुम्ही इथून बाहेर जाणं." वर्गातली पोरं त्याला काका म्हणायची आणि त्याच्याकडून झेरॉक्स आणवून घ्यायची. याला तो नेतृत्व समजायचा.

शेवटच्या वर्षी प्रकल्प आला. प्रत्येकाने एक खराखुरा धंदा निवडायचा, एकच प्रश्न घ्यायचा, गिऱ्हाइकांशी स्वतः बोलायचं आणि तोंडी परीक्षेला त्या धंद्याच्या मालकाला समोर आणून बसवायचं. धाकट्याला तर आयतीच संधी मिळाली. त्याने प्रश्न घेतला : 'मी संध्याकाळी कॉलेजला गेल्यावर दुकानाचं किती नुकसान होतं?' आपली किंमत दादाच्या कानावर पडावी, आणि तीही प्राध्यापक बाईंच्या साक्षीने! मनातल्या मनात त्याने नव्या दुकानाची पाटीसुद्धा रंगवून टाकली.

मग एका संध्याकाळी तो दुकानातून निघाला, पण कॉलेजला गेलाच नाही. डोक्यावरचं हेल्मेट तसंच ठेवून समोरच्या चहाच्या टपरीपाशी उभा राहिला. बाकड्यावर बसलेल्या एका बाईंना त्याने अदबीने विचारलं, "पडदे घ्यायला आलात का? मग इथे कशा बसलात?"

"तो गेला का, ते बघत होते," बाई म्हणाल्या.

"कोण तो?"

"अहो, एक बडबड्या आहे तिथे. न्हाणीघराचा साधा पडदा मागितला तर तुमच्याकडे ऊन कुठल्या बाजूने येतं, सासूबाईंना कुठला रंग आवडतो, सगळं विचारत बसतो. डोकं उठतं हो. आज लवकर कटला वाटतं, बरं झालं." असं म्हणून त्या उठल्या. त्यांच्यामागोमाग आणखी दोघं उठली. चहावाला कप गोळा करत म्हणाला, "रोजचंच आहे. तो गेला की माझी बाकडी रिकामी होतात."

हेल्मेटच्या आत धाकट्याचे डोळे भरून आले. काच खाली होती म्हणून अब्रू राहिली.

वर्गातल्या पोरांनी सल्ला दिला, "काका, जरा इकडचं तिकडे करा, कोण बघतंय?" धाकटा काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हता. त्याने प्रामाणिकपणे खोटं लिहायला घेतलं. गिऱ्हाइकांना संध्याकाळचा गारवा आवडतो, असं काहीबाही. पण लिहिताना त्याचं त्यालाच हसू यायला लागलं. इतक्या वर्षांत आपण गिऱ्हाइकाला एकदाही बोलू दिलं नाही, आणि ज्या दिवशी दिलं त्या दिवशी त्याने हे सांगितलं. तेही दाबायचं म्हणजे हद्दच झाली की!

तोंडी परीक्षेला दादा इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि विद्यार्थ्यांच्या अरुंद खुर्चीत अवघडून बसला. धाकटा उभा राहिला आणि जन्मात पहिल्यांदा थोडक्यात बोलला. "दुकान चांगलं आहे. माल चांगला आहे. अडचण मी आहे. मी गेलो की गिऱ्हाईक येतं."

प्राध्यापक बाईंनी दादाकडे बघितलं. "मालक म्हणून तुम्हाला हे माहीत होतं?"

दादा जमिनीकडे बघत म्हणाला, "होतं."

"कधीपासून?"

"हा काउंटरवर उभा राहिला तेव्हापासून."

वर्ग खो खो हसला. धाकटाही हसला, कारण दुसरं काय करणार? आपण घोड्यावर बसलोय असं इतकी वर्षं वाटत होतं, आणि बघणाऱ्या सगळ्यांना खाली लाकडी घोडा दिसत होता.

दोघं भाऊ खाली फाटकापाशी आले. धाकटा म्हणाला, "नवं दुकान मला नको, दादा."

"देणारच नव्हतो," दादा म्हणाला. मग घसा खाकरून म्हणाला, "पण आज चार लोकांत जे बोललास, ते मला नसतं जमलं. पास हो आणि दुसरीकडे कुठेतरी नोकरीला लाग. माझ्या हाताखाली तू म्हातारा होईपर्यंत धाकटाच राहशील."

"आणि मी गेलेलं तुला चालेल?"

दादाने तोंड फिरवलं.

"नाही चालणार," तो म्हणाला. "म्हणून तर इतकी वर्षं गिऱ्हाईकं जाऊ दिली."