घामट हातांचं औषध

गुलाब बैसाणे धुळ्याला देवपुरात एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होता. त्याच्या तळहातांना बारा महिने घाम यायचा. औषधाच्या पुड्या बांधताना कागद भिजायचे, आणि हात पँटला पुसून पुसून मांडीवर दोन कायमचे डाग पडले होते. अशा माणसाला तिशी ओलांडल्यावर कडे चढायचा नाद लागला. ही गोष्ट १९९१ सालची.

नाद लावला जब्बारनं. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान दवाखान्याला लागूनच होतं. रविवारी तो चार-पाच जणांबरोबर लळिंगच्या किल्ल्याखाली जाऊन दोर बांधून कातळ चढायचा. गुलाब एकदा नुसता बघायला म्हणून गेला आणि पुढच्या रविवारी स्वतःच दोराला अडकला. पण दोन पुरुष उंचीवर एक उतरता, गुळगुळीत कंगोरा होता. तिथं हात टेकला की निसटायचाच.

"गुलाबभाऊ, हे हात आहेत का नळ?" खालून दोर धरलेला जब्बार ओरडायचा.

एकदा पुण्याहून आलेल्या कुणा गिर्यारोहकानं हातांना पांढरी पूड चोळली. गुलाबनं चिमूटभर मागून घेतली, बोटांत चुरडली, जिभेला लावली आणि त्याला हसूच आलं. ही तर मॅग्नेशियम कार्बोनेट! पोटातल्या आम्लावर दवाखान्यात रोज पुड्या बांधतो ती. त्यानंही ती वापरून पाहिली. पण लळिंगचा वारा अर्धी पूड खालच्यांच्या डोळ्यांत उडवायचा, आणि उरलेलीचा घामानं चिखल व्हायचा.

त्याच उन्हाळ्यात घामोळ्यांना लावायची गुलाबी बाटली एका बाईला देताना तो थबकला. ते औषध लावताना ओलं असतं आणि वाळलं की पूड अंगालाच चिकटून राहते. मग हीच युक्ती हातांना का चालू नये?

पूड त्यानं पाण्यात कालवली. ती वाळेचना. मग डॉक्टरांना विचारून थोडं स्पिरिट आणलं. डॉक्टरांनाही मजा वाटली. "काय होतं ते मलाही सांग," ते म्हणाले.

स्पिरिटचं मिश्रण त्यानं घरी करून पाहिलं, ते फुंकर मारताच वाळलं. हात खडूसारखे पांढरे झाले. पण मूठ मिटताच पापुद्रे सुटले.

शेजारीच त्याची बायको पार्वता चुलीपुढं भाकरी थापत होती. "हाई काय शे? बठ्ठं घर दवाखानागत वास मारी ऱ्हायनं!" असं अहिराणीत म्हणत तिनं बाटलीसकट त्याला अंगणात पिटाळलं. स्पिरिट चुलीजवळ नेणं हा शुद्ध वेडेपणा होता, हे त्याला बाहेर आल्यावर सुचलं.

पापुद्रे धरून ठेवायला काहीतरी चिकट हवं होतं. ते जब्बारच्या टेबलावरच सापडलं. रेडिओच्या तारा जोडायला कथलाचा डाग देताना तो राळ वापरायचा. गुलाबनं तिचा खडा कुटून स्पिरिटमध्ये विरघळवला. पहिल्या खेपेला राळ इतकी जास्त झाली की जब्बारनं हात लावलेलं वर्तमानपत्र सुटेना. अर्धी बातमी तळहातावर राहिली.

"आता हे कुणाला वाचून दाखवू?" जब्बार म्हणाला. दोघं पोट धरून हसले.

नंतर राळ अगदी चिमटीभर घातली. पूड तळाशी बसते म्हणून बाटली हलवून घ्यायची, वाटाण्याएवढं हातावर घ्यायचं, बोटांच्या बेचक्यांत चोळायचं आणि वाळेपर्यंत कशालाही शिवायचं नाही.

त्या रविवारी वारा होताच. गुलाब कंगोऱ्यापाशी पोचला, हात टेकला आणि वजन टाकलं. हात सरकला नाही. आपण थांबलोय हेच त्याला क्षणभर कळेना. मग दुसरा हात वर गेला, पाय आला, आणि वरच्या सपाटीवर बसून तो आपले तळहात उलटसुलट करून पाहत राहिला.

"काय झालं? लागलं का?" खालून जब्बारनं विचारलं.

"नाही! वाळलेत!"

त्यानंतर सगळे बाटल्या मागू लागले. पण पावसाळ्यापूर्वी गुलाबच्याच लक्षात आलं की हातांना भेगा पडताहेत आणि कंगोऱ्यावर राळेचे काळपट, गुळगुळीत थर चढताहेत. मागून येणाऱ्याचा हात तिथं जास्तच घसरणार होता. त्यानं राळ बंद केली, तारेच्या ब्रशानं कातळ घासून काढला आणि नुसत्या पूड आणि स्पिरिटवर पुन्हा प्रमाणं बदलून पाहू लागला. चढून घरी आलं की पार्वता त्याच्या हातांना खोबरेल चोळायची. "आते पुढला रविवारले काय घालशात यामा?" ती विचारायची, आणि तिलाही ते खरंच जाणून घ्यायचं असायचं.