मामाचं मेज

माझा मामा घड्याळजी होता. आयुष्यात त्याला एकच वस्तू मनापासून हवी होती, आणि ती त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला मिळाली.

ती वस्तू म्हणजे आजोबांचं कामाचं मेज. आजोबांच्याही आधी दोन घड्याळजी त्यावर म्हातारे झाले होते. स्टुलावर बसलं की त्याची फळी थेट छातीशी यायची. घड्याळापर्यंत वाकायचं नाही, घड्याळच डोळ्यांपर्यंत येणार. पुढची कड पोटाच्या जागी अर्धचंद्रासारखी कोरलेली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना कोपरं टेकायला कातडी गाद्या होत्या. उरलेल्या तिन्ही बाजूंना बोटभर काठ होता, निसटलेला स्क्रू घरंगळू नये म्हणून. फळीखाली, मांड्यांच्या वर, पुढं ओढून घ्यायची एक चौकट होती आणि तिच्यावर कापड ताणलेलं होतं. तिला झोळी म्हणत. हातातून सुटेल ते झोळीत. उजवीकडचे खण इतके उथळ की त्यात चाकं एकमेकांवर चढू शकत नसत.

दुकानात एक नियम होता. ज्याचं मेज, त्यानंच त्यावर बसायचं. दुसरा बसला की चिमटे जागचे हलतात, आणि घड्याळजीचा हात नजरेच्या आधी चिमट्याकडे जातो. म्हणून मामा बारा वर्षं शेजारच्या साध्या टेबलावर पाठ मोडून बसला. स्क्रू पडला की गुडघ्यांवर रांगत शोधायचा, आणि खालून त्याला आजोबांची झोळी दिसायची.

मग आई मला कडेवर घेऊन माहेरी परतली. वडील गेले होते. ती दुकानात चाकं पुसायला बसली, आणि तीन वर्षांत बालकमानी सरळ करू लागली. ही केसाएवढी स्प्रिंग जरा वाकडी झाली की घड्याळ वेडंवाकडं चालतं. मामाला ती सरळ करायला अर्धा दिवस लागायचा. आई ती सरळ करताना गुणगुणायची. त्या गुणगुणण्याचा मामाला राग यायचा.

आजोबांची नजर अधू झाली त्या वर्षी मामा आठ दिवस सासुरवाडीला गेला होता. परतला तेव्हा मेजावर आई बसलेली.

आजोबा एवढंच म्हणाले, "बसू दे तिला."

मामा भांडला नाही. त्यानं रस्त्याच्या पलीकडं स्वतःचं दुकान थाटलं आणि भेटेल त्याला सांगायला लागला की तरुण विधवा, पदरात पोर, म्हाताऱ्याला दया आली. ही दया त्याला फार उपयोगी पडली. दया असेल तर हुशारीचा प्रश्नच उरत नव्हता. तरी त्याच्या खिडकीतून आईची खिडकी दिसायची. गिऱ्हाईक दोन दुकानांच्या मध्ये घुटमळलं की मामाचा चिमटा थांबायचा. आईनं दुरुस्त केलेलं घड्याळ कधी त्याच्याकडे आलंच, तर तो भिंग लावून आत एखादा ओरखडा शोधायचा. नाही सापडला, तर त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

आजोबा गेल्यावर त्यानं तसंच मेज करून घ्यायचं ठरवलं. जुन्या दुकानाची एक किल्ली त्याच्याकडे होतीच. आई जेवायला घरी गेली की तो जायचा आणि पट्टी लावून लिहून घ्यायचा. अर्धचंद्राची खोली, काठाची उंची, झोळीची लांबी, पायांची उंची, सगळं. चोरून आला होता, तरी नियम म्हणून मेजाशी बसला मात्र एकदाही नाही. सुतारानं कागदाबरहुकूम मेज केलं.

वर्षभरात मामाची मान धरली. त्यानं ठेंगणं स्टूल आणलं, तर गुडघे झोळीला आपटायला लागले. त्यानं लाकडाला दोष दिला, हवेला दिला, वयाला दिला. मामी म्हणाली, "मेज आलं आणि तुमचं प्रश्नचिन्ह झालं."

मानेचं ऐकून आई भेटायला आली. मामानं तिला मुद्दाम दुकानातच बोलावलं. खण एकेक उघडून दाखवले. तिचा चेहरा जरा तरी उतरावा एवढीच त्याची अपेक्षा होती. आई बघता बघता सवयीनं स्टुलावर बसली. कोपरं गाद्यांवर टेकली. समोर एक घड्याळ उघडं पडलं होतं. मामा सकाळपासून त्याच्या बालकमानीशी झगडत होता. आईनं चिमटा उचलला आणि गुणगुणायला लागली. दहा मिनिटांत घड्याळ चालू झालं.

"दादा, हे तुला खुजं आहे," ती म्हणाली. "मापं आपल्या मेजाची घेतलीस का?"

मामानं उघडा खण आत लोटला.

"त्याचे पाय बाबांनी कापले होते. तू सासुरवाडीला होतास तेव्हा. चार बोटं. दिसत नव्हतं तरी मला तीनदा बसवून, उठवून माप घेतलं, आणि करवत स्वतः चालवली."

दया म्हणून कोणी तीनदा माप घेत नाही, हे मामाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आई चिमटा जागेवर ठेवत होती, तो नीट आडवा ठेवेपर्यंत मामा थांबला.

"ऊठ," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं सुताराला बोलावून कापलेल्या पायांची हकिकत सांगितली. पायांना जोड द्यायचा होता. किती, असं सुतारानं विचारलं.

"तिच्यापेक्षा उंच."

"तिचं काय करायचंय? तू बस. हात वर कर."

मामा बसला. दोन्ही हात त्यानं लहान मुलासारखे वर धरले. सुतारानं पट्टीचं टोक स्टुलाला लावलं आणि पट्टी त्याच्या बरगड्यांवरून काखेपर्यंत नेली. आजवर शिंप्याशिवाय त्याचं माप कुणी घेतलं नव्हतं.

"तिचं किती भरलं असेल?" मामानं विचारलं.

"मला काय ठाऊक?" सुतार म्हणाला. "तुझ्या वडिलांनी घेतलं ना ते."

मामानं हात खाली घेतले. पट्टी निसटली, आणि सुताराला पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागलं.