गणपतभाऊंचं पांढरं फडकं

गावाहून आलेल्या चिठ्ठीत दोनच ओळी होत्या. गणपतभाऊ गेले. मोटर अंगणात उभी आहे... दुसरी ओळ वाचली तेव्हा कुठे पहिली खरी वाटली.

भाऊंची लढाईआधीची विलायती मोटर आमच्या जंगलपट्ट्यात एकटीच. हुड फाटलेला, एक दार दोरीनं बांधलेलं. पण अडलेली बाळंतीण असो की तापानं फणफणलेला म्हातारा, वडशाच्या दवाखान्यात तीच पोचवायची. मी आमच्या घराण्यातला पहिला बी.ए.; कॉलेजसाठी वडशाच्या स्टेशनवर पहिल्यांदा गेलो तोही तिच्यातूनच. मोटर धूर मात्र फार सोडायची. यंदा चांद्याच्या इन्स्पेक्टरनं पासिंग अडवलं. धूर थांबवा, नाही तर मोटर रस्त्यावर आणू नका. मग आजाऱ्यांना बैलगाडीच उरली. भाऊंनी मला अर्ज लिहायला बोलावलं. मी ऐटीत लिहिलं, 'सदर वाहन धूर सोडीत नाही.' भाऊंनी माझ्याकडून वाचून घेतलं.

"काऊन बे, बी.ए. होऊन खोटं लिवतं? धूर तं आंधळ्यालेही दिसते!"

"भाऊ, अर्जात असंच लिहितात."

"लिवत असतील. माया मोटरीच्या अर्जात नाई. लिव, धूर येते, इंजिनाच्या रिंगा बदलून राह्यलो, पंधरा दिवस द्या."

मला राग आला, पण लिहिलं तसंच. मुदत मिळाली. भाऊंनी मोहाच्या झाडाखाली इंजिन खोललं. रोज सकाळी मोटर सुरू करायची आणि जुन्या धोतराचं पांढरं फडकं धुराच्या नळीसमोर धरायचं. ते काळं झालं की पुन्हा खोलाखोल. भाऊंच्या बायको काशीबाई म्हणायच्या, "मोटरीचं तोंड पुसता तुमी, अन् धुवून धुवून हात माये झिजते!"

पासिंगच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवून आडवे झालेले भाऊ उठलेच नाहीत.

तेरवीला गेलो तेव्हा काशीबाईंनी खुंटीवरचं फडकं काढून माझ्या हातात दिलं. "त्या सकाळचं हाये. मी धुतलं अशीन म्हणशील. नाई धुतलं." मधे नळीच्या कडेचा फिकट राखी गोल... आतबाहेर सगळं पांढरं.

मोटर आता भाऊंचा पुतण्या चालवील. फडकं समोर ठेवून मी काशीबाईंच्या नावानं पासिंगचा नवा अर्ज लिहिला. 'सदर वाहन धूर सोडीत नाही.' वाक्य तेच, माझंच. पण या खेपेला भाऊंनी ते लिहू दिलं असतं.